द्वारकाबाईचे तीस दिवस

माझ्या सुनेच्या मनगटावर एक घड्याळ आहे. वेळ सांगणं हे त्याचं जोडकाम; मुख्य काम तिला रागावण्याचं. तासभर बसली की ते थरथरतं, ऊठ म्हणतं. चालून आली की शाबासकी देतं. सून सेहेचाळिशीत आहे. एकदम घामाघूम होते, चिडते, मग चिडल्याबद्दल रडते, आणि घड्याळ थरथरलं की डोळे पुसून गच्चीत फेऱ्या मारायला जाते. परवा तिला म्हटलं, "माझ्याकडेही असं घड्याळ होतं बरं का. डोक्यावर टोपली घेऊन यायचं आणि मला शिव्या घालायचं."

"कुठल्या कंपनीचं, आजी?" नातीने विचारलं.

कंपनी कसली! अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, द्वारकाबाई राहायची. घरापासून जरा पुढे नदीच्या अंगाला त्यांचं दीड एकर काळं रान, त्यात शेवंती, झेंडू, मोगरा. ती रोज सकाळी पूल ओलांडून आमच्या बाजूला यायची आणि घरोघरी पळसाच्या पानात बांधलेली फुलांची पुडी द्यायची. मी तेव्हा अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. विज्ञान, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, तरी मी तिला "ए द्वारकाबाई, काल दोन फुलं कमी होती गं" असं अरेतुरे करायची, आणि ती मला "मास्तरीनबाई, तुमी" म्हणायची. बीएस्सी झालेल्या बाईची ही अक्कल.

तिला जाऊन बारा वर्षं झाली. मी वेळेवर एक वाक्य बोलले असते तर ती वाचली असती का, हे मला कुणी डॉक्टरही खात्रीने सांगू शकला नाही. ते वाक्य मी बोलले नाही, एवढं मात्र खात्रीने माहीत आहे.

अकोल्याच्या मे महिन्यात सगळ्यांनाच घाम येतो, त्यामुळे माझ्या घामाकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही. पंचाईत झाली ती डिसेंबरात. आमचे हे कानटोपी घालून, शाल लपेटून, दोन्ही हातांनी चहाचा पेला धरून बसलेले. आणि मी उठून पंखा लावला. त्यांनी पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फार सौम्यपणे म्हणाले, "याचं बटण बिघडलं का गं? आपोआप सुरू होऊन राहिला." मी त्यांना असं काही बोलले की ते पेला घेऊन अंगणात उन्हाला गेले. मग मी पंख्याखाली बसून रडले. कशासाठी, ते आजही सांगता यायचं नाही.

तेवढ्यात दारात द्वारकाबाई. टोपली उतरवली, पंख्याकडे पाहिलं, माझ्या ओल्या पदराकडे पाहिलं.

"गेली वाटते तुमची?"

"काय गेली?" मी वेड पांघरलं.

"पाळी वं माय. दुसरं काय जाते या वयात?"

हे तिने एवढ्या आवाजात विचारलं की अंगणात आमच्या ह्यांनी घाईघाईने वर्तमानपत्र उचललं आणि चेहऱ्यासमोर धरलं. उलटं धरलं होतं.

"हळू बोल गं!"

"काहून हळू? चोरी केली का काही?"

आता वर्गातलं सांगते. माणसाच्या प्रजननाचा धडा आला की मी फळ्यावर दोन आकृत्या काढायची, पोरं हसायच्या आत पुसायची आणि म्हणायची, "हा धडा घरी वाचून या, परीक्षेला फारसा येत नाही." अठरा वर्षं मी तो धडा असा शिकवला. माझ्या अंगात तो सुरू झाला तेव्हाही बहुधा तेच करत होते, घरी वाचून या.

द्वारकाबाईने मात्र तिथल्या तिथे परीक्षा घेतली. "देवापुढचा पाट आना. बसा त्याच्यावर. आता हात न टेकवता उठा."

मी बसले. उठायला गेले. अर्ध्यात लोंबकळले, आणि मग आपटीबार.

"पाह्यलं? पन्नाशी नाही आली अजून, अन् पाटावरून उठता येऊन नाही राहिलं. हाड म्हंजे बैल आहे, मास्तरीनबाई. दावनीले बांधून ठेवला का बसते. एकडाव बसला का मग किती काड्या मारा, उठत नाही. उद्या सकायी साडेपाचले पुलावर या."

"मला शाळा असते."

"शाळा अकराले असते. मले माहीत नाही का?"

ही पाटाची परीक्षा ती सगळ्यांची घ्यायची. गिऱ्हाइकांची, विहिणींची, देवळात आलेल्या अनोळखी बायांची. स्वतः टोपलीसकट बसायची आणि टोपलीसकट उठायची, फूल हलायचं नाही. लुगड्याचा काष्टा, टाचेला भेगा, सरळ मान, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याला वाटावं हिची गाडी सुटते आहे.

मी गेले. का गेले? पाटावर आपटल्याची लाज, दुसरं काही नाही. आदल्या दिवशी बाजारातून पांढरेशुभ्र पळायचे बूट आणले आणि शेजारणींनी बघू नये म्हणून तोंड लपवत सहावारी साडीवर घातले. शेजारची निर्मला, घरी शिवणकाम करणारी, तिलाही ओढलं; एकटीने हसं करून घेण्यापेक्षा दोघींनी बरं. पुलावरून द्वारकाबाईने आम्हाला जे पळवलं ते थेट तिच्या शेतात. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला होता. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की माणसावर जीव लावते. दहा पावलांत माझ्या एकेका बुटाला दोन-दोन किलोचा गोळा. अकराव्या पावलाला बूट मातीत राहिला आणि मी मोज्यावर पुढे गेले.

"काढा ते ससे," द्वारकाबाई म्हणाली, "अन् तोडा शेवंती."

"तोडा म्हणजे?"

"म्हंजे फुलं तोडा. नुसतं हिंडाले का तुमी म्हशी आहा? काम असलं का पाय चालतात. बिनकामाचे पाय चार रोजानं घरी राह्यते."

महिनाभराने निर्मलाने माझ्या कानात सांगितलं, "ताई, ही बाई आपल्याकडून फुकटात तोडणी करून घेऊन राहिली हो!" आम्ही जाऊन तसं तोंडावर विचारलं. द्वारकाबाई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. "मंग? तुमचे गुडघे फुकटात नीट करून राहिली, ते नाही दिसलं?" आणि उठली. हात न टेकवता.

शेतात पाय ठेवल्यावर माझं "तू" कधी "तुम्ही" झालं ते मला कळलं नाही. तिला कळलं असावं. ती बोलली नाही.

सात वर्षं आम्ही तशा जात होतो. ओणवं होऊन तोडायचं, उभं राहायचं, पुन्हा ओणवं. तोडून झालं की बांधावर बसून तिच्या फडक्यातली ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. मी कॅल्शियमच्या गोळ्या घेते म्हटलं की ती म्हणायची, "डॉक्टरनं देल्या त घ्या. पन गोळी खाऊन झोपून राहाल त गोळीही पोटात झोपते." निर्मलाला त्या काळात कशानेही रडू यायचं; सुईत दोरा गेला नाही तरी, पहिल्या झटक्यात गेला तरी. तिला द्वारकाबाईचा उपाय एकच, "रड. पोटभर रड. पन तोडता तोडता रड, हात रिकामे नको." निर्मला रडत रडत दोन वाफे उरकायची आणि शेवटाला पोचेपर्यंत कशासाठी रडत होती ते विसरायची. मला ऐन सकाळच्या गारव्यात घामाची लाट आली की मी घाबरायची. ती म्हणायची, "येऊ द्या. पाहुना आहे. चहा देऊ नका, म्हंजे जाते लवकर."

आम्ही दोघी आमच्या गेल्या गोष्टींसाठी हळहळत होतो, तारुण्य गेलं, रूप गेलं वगैरे. माझं रूप जायला आधी होतं कुठे, हा प्रश्न आमच्या ह्यांनी एकदा विचारला आणि दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा केला. द्वारकाबाईचं तसं नव्हतं. तिला काहीतरी मिळालं होतं.

त्यांच्या गल्लीत देवीचं एक लहानसं देऊळ आहे. देवीचा सकाळचा हार पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरून जातो, आणि तो घरच्या थोरल्या सुनेने गुंफायचा. थोरली सून द्वारकाबाई. पण महिन्यातले चार दिवस ती बाजूला बसायची, तिने फुलाला हात लावायचा नाही, तेव्हा हार धाकटी जाऊ करायची. शेताच्या कोपऱ्यात एक कडुनिंब आहे. लग्न होऊन आल्यापासून ते चार दिवस द्वारकाबाईने त्या कडुनिंबाखाली काढले होते, निंदणाचं खुरपंही वेगळं ठेवून. आणि दर महिन्याला जाऊ तिच्यासमोरून फुलांची परडी नेताना म्हणायची, "बस वं बाई, आराम कर. देवीले माह्याच हातचा आवडते."

"पस्तीस वर्षं, मास्तरीनबाई," ती मला एकदा म्हणाली. "पस्तीस वर्षं तिचं हे आयकलं. मंग एक सावन आला, भादवा आला, काहीच नाही. वरीसभर वाट पाह्यली. अन् मंग शिरा केला."

तो शिरा मला आठवला! घरोघर पुडीबरोबर दिला होता तिने. मी "नातू झाला का गं?" म्हणून विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, "नाही. मी सुटली." मला वाटलं कुठल्या कोर्टाच्या भानगडीतून सुटली. मी तो शिरा साजूक तुपातला आहे की नाही हे बघत खाल्ला होता.

"आता देवीनं मले तीसही दिवस देल्ले," ती म्हणायची. "जाऊ परडीले हात नाही लावू शकत." तिचा चेहरा तेव्हा असा काही व्हायचा की मला माझ्या पंख्याखालच्या रडण्याची लाज वाटायची. मी म्हातारी झाले म्हणून रडत होते आणि ही बाई त्याच गोष्टीने बढती मिळाल्यासारखी चालत होती.

मी तिला एकदा दबकत म्हटलंही, "पण बाई, त्या चार दिवसांत फुलाला हात लावल्याने काही होत नाही हो. विज्ञानात—"

"तुमी लावता का देवघरात हात?"

मी शेवंतीकडे वळले. मीही लावत नव्हते.

आठव्या वर्षीच्या आषाढात एक दिवस आम्ही शेतात पोचलो तर द्वारकाबाई कडुनिंबाखाली बसलेली. "पाय लचकला. तुमी तोडा," म्हणाली. तोडून झाल्यावर म्हणाली, "मास्तरीनबाई, हारही आज तुमीच करा."

हार! देवीचा! सात वर्षांत तिने मला त्या सुईला हात लावू दिला नव्हता. मी जो काही गुंफला तो हार नव्हता, एसटीच्या टपावर बांधलेलं गाठोडं होतं. ती लांबून सांगत राहिली, "देठ आत घ्या. गाठ ओढा. ओढा वं, फूल आहे, पापड नाही." तिने जवळ येऊन हातात घेतला नाही. सुई सरळ करून दिली नाही. मी ते बघितलं आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं आपण तयार झालो. गुरूने विद्या दिली. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, "आज देवीला माझा हार."

पुढच्या आठवड्यात पुन्हा पाय लचकला. श्रावणात तर आठवड्यातून चार दिवस मीच हार करत होते आणि माझी मान ताठ होत चालली होती. हार परडीत घालून, वर पान झाकून मी देवळाच्या पायरीवर ठेवायची. घरच्यांना वाटायचं द्वारकाबाईने ठेवला. एका सकाळी निघताना ती उठली, आणि उठताना तिने कडुनिंबाच्या बुंध्याला हात टेकवला. मी बघितलं. आमच्या दोघींत पाटाच्या परीक्षेएवढी पवित्र गोष्ट नव्हती. मी बघितलं आणि वयाचं आहे म्हणून सोडून दिलं.

मग तिनेच सांगितलं. निर्मला पुढे गेली होती. "मास्तरीनबाई, देवीनं दिवस वापस घेतले."

"म्हणजे?"

"पुन्यांदा सुरू झालं. जेठापासून. कधी थोडं, कधी लई." आणि हसली. "आठ-नऊ वर्षांनी."

आणि मी काय केलं? मीही हसले. "अहो, तरण्या झाल्या की तुम्ही! आता पाळणा हलवा!" असं म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली. तीही हसली. दोघी पुलापर्यंत हसत आलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. कान गेले, पण ते जात नाही.

शाळेत कधीतरी एक डॉक्टरीणबाई येऊन शिक्षिकांपुढे बोलून गेल्या होत्या. त्यांनी वाटलेलं पत्रक माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली अंथरलेलं होतं. गौरीच्या दिवसांत साडी काढताना ते वर आलं. त्यात लिहिलं होतं, वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर एक थेंबही साधा समजू नका, लगेच तपासून घ्या. मी पलंगावर बसले. पाळणा हलवा म्हणाले होते मी.

दुसऱ्या दिवशी पुलावरच तिला गाठलं. "बाई, आज दवाखान्यात जायचं."

"कायले?"

मी पत्रक वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं. मग चालता चालता थांबली, हे ती कधी करत नसे.

"दवाखान्यात गेली का घरी मालूम पडन. घरी मालूम पडलं का जाऊले मालूम पडन. अन् नवरात्र महिन्यावर आलं. नऊ दिवसांचे नऊ हार, मास्तरीनबाई. ते तिच्या हातून जातीन?"

"आताही ते तुमच्या हातून कुठे जातात? मीच तर करते."

"तुमी करता ते मीच करून राहिली. तुमी माहे हात आहा." असं म्हणाली ती. मला, जिला साधी गाठ येत नव्हती. "नवरात्र होऊ द्या. तुमाले देवीची आन आहे, कोनाले सांगाल त."

मी विज्ञान शिकवणारी बाई. देवीची आन ऐकून गप्प बसले. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत एवढी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला मिळाली नाही.

नवरात्रात नऊ हार मी केले. शेवटचे दोन खरंच चांगले झाले. मग ती म्हणाली, दसरा होऊ द्या, झेंडू उभा आहे. मग दिवाळी होऊ द्या. मी दर वेळी म्हणायची, "बरं, पण त्यानंतर नक्की." तिचं लुगडं आता दुहेरी गुंडाळलेलं असायचं. चाल तीच ठेवायला बघायची, पण पुलावर मधे थांबून नदीत काही दिसतंय असं दाखवायची. मोर्णेत दिसण्यासारखं काय आहे? मीही तिच्याबरोबर थांबून बघायची. एकदा तिच्या मुलाला रस्त्यात भेटले. तोंड उघडलं. त्याने विचारलं, "काय म्हनता, मॅडम?" मी म्हटलं, "शेवंती छान आली यंदा."

दिवाळीनंतर मी खोटं बोलून तिला बाहेर काढलं. माझ्या माहेरी, अमरावतीला, हळदीकुंकू आहे म्हणून तिच्या घरी सांगितलं. माहेर खरं होतं, हळदीकुंकू नव्हतं. गाडीत ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा बाहेरचं कपाशीचं रान बघून म्हणाली, "आमचं लग्न ठरलं तवा मी पयल्यांदा गाडीत बसली होती. मंग आज." म्हणजे मधल्या एवढ्या वर्षांत ती फक्त चालली होती.

दवाखाना मोठा होता. डॉक्टर तरुण बाई, माझ्या मुलीच्या वयाची. आत तपासून आली, हात धुतले, आणि विचारलं, "केव्हापासून होतंय?"

द्वारकाबाईने माझ्याकडे बघितलं.

"ज्येष्ठापासून," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं? तुम्ही कोण यांच्या?"

"मैत्रीण. मी शिक्षिका आहे."

"काय शिकवता?"

"विज्ञान."

तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. घरच्यांना सांगावं लागलं. गर्भाशयाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. घरची माणसं वाईट नव्हती हो. मुलाने धावपळ केली, आणि ती जाऊ, जिच्या भीतीने आम्ही सहा महिने लपवलं, ती अमरावतीच्या दवाखान्यात पायरीवर बसून रडत होती. "मले सांगतलं असतं त मी काय खाल्लं असतं का तिले?" मला तिने विचारलं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी पुन्हा पुन्हा विचारायची, आधी आणलं असतं तर? त्या म्हणायच्या, "आधी आणलेल्या बऱ्याच बायका बऱ्या होतात. यांचं झालं असतं का, ते आता कसं सांगू?"

आता मी जेवणाच्या ताटावरसुद्धा विचारते. सुनेला, विहिणीला, भाजीवालीला, लग्नात शेजारी बसलेल्या बाईला. बंद झालं का? किती दिवस झाले? पुन्हा काही दिसलं का? मुलगा ताट उचलून बाहेर जातो. नात म्हणते, आजी, प्लीज. मी थांबत नाही. लाज मी सगळी एकदाच वापरून टाकली, आता शिल्लक नाही. पण हेही खरं, की हे सगळं ज्या एकीला विचारायचं होतं तिला सोडून मी सगळ्या जगाला विचारत फिरते आहे.

तिला शेवटचं बघितलं ते माघात. घराच्या अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात बाज टाकलेली. द्वारकाबाई मावून बाज उरली होती. अंगावर गोधडी, हात आत. जाऊने शेवंतीची परडी आणून बाजेशेजारी ठेवली, सुईदोरा ठेवला, आणि मला म्हणाली, "मी म्हटलं, बाई, तूच कर आता हार, असू दे, देवी काही म्हनत नाही. त आयकत नाही. तुमी सांगून पाहा." आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

रक्त थांबलं नव्हतं. तिचे हात गोधडीबाहेर आले नाहीत.

मी बाजेजवळ पाट घेऊन बसले. परडी तिच्या उशाशी सरकवली. "बाई, दोन फुलं तरी ओवा. मी कोणाला सांगणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तिचेच होते.

"ते मले माहीत आहे, मास्तरीनबाई. तुमी कुठी काही सांगता."

तिने ते टोचून म्हटलं की मायेने, मी बारा वर्षं उलटून पालटून बघते आहे. चेहऱ्यावर काही नव्हतं. उन्हाने डोळे अर्धे मिटलेले होते.

मग म्हणाली, "गुंफा. दुपार होईन."

मी गुंफायला घेतलं. देठ आत, गाठ ओढून. ती डोळ्यांनी फुलं मोजत होती. एके ठिकाणी म्हणाली, "ढिली." मी उसवून पुन्हा बांधली. हार पुरा झाला तसा तो तिच्यापुढे दोन्ही हातांनी उंच धरला. तिने वरपासून खालपर्यंत बघितला आणि मान हलवली. हो की नाही, तेही कळलं नाही.

मी परडीवर पान झाकलं आणि पाटावरून उठले. हात न टेकवता. तिचं लक्ष माझ्या गुडघ्यांकडे होतं.

दारातून वळून पाहिलं तर तिने डोळे मिटले होते. गोधडीच्या खालच्या टोकाला मात्र हालचाल होती. एक पाय पुढे, एक मागे. पुन्हा एक पुढे, एक मागे. निजल्या निजल्या ती चालत होती.